मधल्या वर्षांचा हिशेब

सुटका होताना तुरुंगाच्या दरवाजाशी माणसाला त्याच्या वस्तू परत मिळतात. आत जाताना काढून घेतलेलं पाकीट, कमरेचा पट्टा, बंद पडलेलं घड्याळ, क्वचित एखादा मोबाइल. खात्यावर उरलेले पैसे हातात पडतात. यादीतलं सगळं मोजून, सही किंवा अंगठा घेऊन दिलं जातं. यादीत नसलेल्या गोष्टींचा हिशेब घरी पोहोचल्यावर सुरू होतो आणि माझा संबंध येतो तो या दुसऱ्या हिशेबाशी.

मी आयुष्यभर एका सहकारी बँकेत कर्जखात्याचं काम केलं. निवृत्तीनंतर पुण्यात, येरवड्याच्या बाजूला, सुटून आलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बँकेची, रेशनची, विम्याची कागदपत्रं करून द्यायला बसते. गुन्हा कोणता होता हे मी विचारत नाही. ते विचारण्याचं काम न्यायालयाने केलेलं असतं. मी विचारते, आधारवर पत्ता कुठला आहे, पॅन जोडलंय का, आणि बँकेला दिलेला मोबाइल नंबर आज कुणाकडे आहे?

या शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक जण गप्प होतात. काही महिने न वापरलेला नंबर कंपनी काढून घेते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे हा माणूस चार-पाच वर्षांनी बँकेत येतो तेव्हा त्याच्या खात्याचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जात असतो. नंबर बदलायला ओळखपत्र लागतं, ओळखपत्रावरचा पत्ता ऑनलाइन बदलायला पुन्हा ओटीपी लागतो, आणि भाड्याची खोली तर केव्हाच सुटलेली असते. दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा सुरू करायला बँकेने पैसे घेऊ नयेत आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. खिडकीवर हे शांतपणे सांगता आलं तर काम होतं. पण ज्याला कित्येक वर्षं गणवेशातल्या प्रत्येकापुढे मान खाली घालून उभं राहायची सवय लागली आहे, त्याला काचेपलीकडच्या कारकुनाला नियम सांगणं जमत नाही. मी सोबत जाते ती मुख्यतः एवढ्यासाठी.

पॅन आधारला जोडलं नसेल तर जुलै 2023 पासून ते निकामी झालेलं असतं. जोडायला हजार रुपये. विम्याचा हप्ता राहिलेला असतो. कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की बँकेच्या लेखी ते कर्ज अनुत्पादक होतं आणि तशी नोंद पतअहवालात जाते. मीही अशा नोंदी वर्षानुवर्षं केल्या आहेत, म्हणून ठामपणे सांगते: माणूस हप्ता भरायला का आला नाही हे लिहायला त्या अहवालात जागा नसते. मुंबईला पळून गेलेला, आजारी पडलेला आणि कोठडीत असलेला, तिघंही तिथे सारखेच. पैशाचा सगळा कारभार माणूस रोज, न चुकता, हजर असेल या समजुतीवर उभा आहे. मधली वर्षं गायब असलेल्या माणसाला तो ओळखतच नाही.

आत माणूस कमावतो का, असं लोक मला विचारतात. कमावतो. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला दिलाच पाहिजे, असा निर्णय दिला. अन्नवस्त्राचा खर्च त्यातून वजा करायला परवानगी दिली आणि मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रात 2023 मध्ये दर वाढले, तेव्हा कुशल कैद्याला दिवसाला 74 रुपये, अर्धकुशलला 67, अकुशलला 53 असे झाले. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं तर 67 रुपयांनी 1675 रुपये होतात. साबण, तेल, बिस्किटं कॅन्टीनमधून घ्यायची ती यातूनच.

पण हे झालं पक्क्या कैद्यांचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशातल्या पावणेसहा लाखांच्या आसपास कैद्यांपैकी 75.8 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले. शिक्षाच झालेली नसल्याने त्यांच्या वाट्याला सहसा काम नसतं, म्हणून मजुरीही नाही. कमाई शून्य आणि वकील, तारखा, जामीनदाराची मिनतवारी हा खर्च चालू. पुढे निर्दोष सुटला तरी गेलेल्या वर्षांचा मोबदला हक्काने मिळेल असा कायदा आपल्याकडे नाही. चुकीच्या खटल्यांची भरपाई कशी द्यावी याचा विचार विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मधल्या 277 व्या अहवालात केला होता. तो अहवालातच राहिला. शिक्षा भोगून आलेल्याच्या हातात निदान मजुरीची शिल्लक असते आणि निर्दोष ठरलेला रिकाम्या हाताने घरी येतो, हे मला या कामात पडेपर्यंत माहीत नव्हतं. आजही ते मुकाट स्वीकारता येत नाही.

आता ज्या घरामुळे मी हे लिहायला बसले, त्या घराकडे येते. नावं सांगणार नाही. दादा आणि वहिनी म्हणते, कारण मी त्यांना तसंच म्हणते.

दादांचा स्वतःचा टेम्पो होता, कर्जावर घेतलेला. अटक झाली, हप्ते थकले, टेम्पो ओढून नेला. आधी कच्चे कैदी म्हणून आणि मग शिक्षा लागल्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. शिक्षेच्या काळात ते सुतारकामाच्या कारखान्यात होते. बाहेर वहिनींनी आधी एका खानावळीत पोळ्या लाटल्या, मग घरीच पोळीभाजी केंद्र काढलं, बचत गटात गेल्या, गटाचं कर्ज घेतलं आणि फेडलं. मुलांची शाळा थांबू दिली नाही. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. मुलांच्या शाळेच्या उरलेल्या वहीत त्यांनी सगळा जमाखर्च लिहिला होता.

दादा सुटल्यानंतर काही दिवसांनी दोघं माझ्याकडे आली. दादांचा प्रश्न साधा होता: टेम्पोसाठी कर्ज मिळेल का? मी पतअहवाल काढला. जुनं कर्ज थकीत, टेम्पो विकून वसूल झाली ती रक्कम वजा जाता बाकी अजून उभी. मी तसं सांगितलं. वहिनींनी पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे नाही, दादांपुढे ठेवली.

ती वही मी नंतर सावकाश वाचली. डाव्या पानावर देणी: वकिलांची फी, वहिनींच्या भावाने जामिनाच्या वेळी दिलेले पैसे, किराणा दुकानदार, शेजारच्या काकूंनी भिशी उचलून दिली ती रक्कम, पतसंस्थेत गहाण पडलेल्या दोन बांगड्या. उजव्या पानावर जमा, आणि त्यात मधून मधून 'ह्यांच्याकडून' अशी नोंद. दादा आतून मनीऑर्डर करत. रक्कम इतकी लहान असे की पाठवताना त्यांना संकोच वाटायचा, असं ते म्हणाले. वहिनींनी प्रत्येक रकमेपुढे ती कुठे गेली ते लिहिलं होतं. वह्या-पुस्तकं. गॅस सिलिंडर. धाकटीचे बूट. एके ठिकाणी नुसतं 'पुरणपोळी' लिहिलं होतं. तो होळीचा महिना असणार.

दादांनी ती पानं पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, आपण इतकी वर्षं घरापासून तुटलेलो होतो, ही त्यांची समजूत तिथे प्रथम हलली. पाठवलेले पैसे घरात मुरले होते. त्यांच्या नावाने गॅस पेटला होता.

म्हणूनच 1 मे 2022 ला येरवड्यात सुरू झालेल्या 'जिव्हाळा' कर्जयोजनेविषयी मला मनापासून आदर वाटतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला त्याच्या मजुरीच्या भरवशावर 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज देते. व्याज सात टक्के, तारण नाही, जामीनदार नाही. पैसे कुटुंबाच्या गरजेसाठी. कर्जविभागात वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला यातलं धाडस कळतं. 67 रुपये रोजाने, एक पैसा न खर्चता, नुसतं मुद्दल फेडायला अडीच वर्षं लागतात. तरीही भिंतीआडच्या श्रमाला कुणीतरी उत्पन्न म्हणून मोजलं आणि त्या उत्पन्नावर घराचा हक्क मानला. माणूस आत असतानाच त्याच्या नावावर एक वेळेवर फेडलेलं कर्ज जमा होऊ शकतं. बाहेर आल्यावर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

याच्याही फार आधी हे कुणाला तरी उमगलं होतं. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 1939 मध्ये पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला. चित्रपटात दिसतो तो कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर. मला जास्त मोलाची वाटते ती वसाहतीतली दुसरी गोष्ट, कैद्याला कुटुंबासह राहून शेती करता येण्याची. शिक्षा चालू असतानाही चूल एकच राहते आणि पिकाचा पैसा कसा वापरायचा हे नवराबायको मिळून ठरवतात. सुटकेनंतर पुन्हा जुळवायला लागावं असं मग फारसं तुटलेलंच नसतं.

दादांच्या घरी तसं नव्हतं. तिथे तिजोरीच्या किल्ल्या, म्हणजे खातं, पासबुक, गटाची वही, दुकानदाराशी बोलणं, सगळं वहिनींकडे गेलं होतं आणि त्यांनी ते उत्तम सांभाळलं होतं. सुटून आलेल्या पुरुषाला चांगल्या मनाने सल्ला देणारे पुष्कळ भेटतात: काम शोध, खातं उघड, बचत कर, पुन्हा कर्ता हो. यातल्या शेवटच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. घर आधीच उभं आहे. ते एका बाईने, लोकांचं बोलणं ऐकत, पहाटे चारला कणीक मळून उभं केलं आहे. त्यात शिरून 'आता मी आलो, दे इकडे' म्हणणं हा त्या वर्षांचा अपमान आहे. मी हे म्हणते कारण तसं झालेलं मी पाहिलं आहे. एका घरात नवऱ्याने आल्याबरोबर बायकोचं एटीएम कार्ड मागून घेतलं आणि तिच्या बचत गटाच्या हप्त्याचे पैसे जुन्या मित्राच्या धंद्यात घातले. गटातल्या बायकांनी तिच्याकडे पाहणं बंद केलं. माणूस अटकेत गेला तेव्हा तिने जी अब्रू राखली होती, ती तो घरी आल्यावर गेली.

पण दुसऱ्या बाजूचं दुखणंही खरं आहे. चहाला दहा रुपये बायकोकडे मागावे लागणं, मुलासमोर मागावे लागणं, हे सोपं नाही. दादा सुटले त्या सुरुवातीच्या दिवसांत बाहेरच पडत नसत. बसला पैसे लागतात आणि ते मागायचे कसे, म्हणून. वहिनींच्या ते लक्षात आलं. त्या रोज सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठरावीक रक्कम ठेवू लागल्या, काही न बोलता. तेही काही न बोलता घ्यायचे. हे असंच चालू राहिलं असतं तर पुढे काय झालं असतं मला सांगता येत नाही. दादांनीच एकदा म्हटलं, "हे पण लिहीत जा. माझ्या नावाचं पान घाल." वहिनींना ते आवडलं नाही. "घरच्या माणसाचं कुणी लिहितं का?" त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, घाला. आत त्यांचा रुपया न् रुपया लिहिला जायचा, तुमच्याही वहीत त्यांनी पाठवलेला पैसा लिहिलाय. आता घरात आले म्हणून एकदम खैरातीत कशाला टाकता?"

पान घातलं. पहिल्या ओळीला बसभाडं आलं. दादांना एका फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं, आत शिकलेल्या सुतारकामावर. मिळालं तेही सहज नाही. चारित्र्य पडताळणी मागणाऱ्या जागा सोडूनच द्याव्या लागल्या. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम 1990 पासून अशा माणसांना कामाला लावण्यासाठी धडपडतो आहे. तसं कुणी पाठीशी असलं तर मालकाशी बोलणं होतं. दादांच्या बाबतीत मालकाने एक खुर्ची दुरुस्त करायला दिली आणि हात पाहून ठेवून घेतलं. पहिला पगार त्यांनी वहिनींच्या हातात दिला, वहिनींनी त्यातला काही भाग परत केला, आणि बाकीचा डाव्या पानावरच्या कुणाला आधी द्यायचा यावरून दोघांचं चांगलंच वाजलं.

दादांचं म्हणणं, बांगड्या आधी. वहिनींचं म्हणणं, काकूंची भिशी आधी. "बांगड्या माझ्या आहेत, त्यांना थांबता येतं. काकूंच्या मुलीचं लग्न काढलंय." मी यात मध्ये पडले नाही. कर्जविभागात आम्ही आधी ज्या कर्जाचं व्याज जास्त ते फेडा असं सांगायचो. ते बरोबरच आहे. पण ज्या कर्जाला व्याज नव्हतं, कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, ते काकूंनी अशा वेळी दिलं होतं जेव्हा सख्खे नातेवाईक फोन उचलत नव्हते. ते आधी फेडायचं हे वहिनींचं ठरलेलं होतं. मला विचाराल तर तेच बरोबर होतं, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेल्या कुणालाही आता मी तसंच सांगते.

हे सगळं बाईने घर राखलं म्हणून. बाईच आत जाते तेव्हा? देशातल्या कैद्यांत बायका शंभरात चारच्या आसपास आहेत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्याकडे आलेल्या अशा बायकांपैकी एकीकडेही तिच्या मागे कुणी लिहिलेली वही नव्हती. मुलं आजोळी किंवा बालगृहात, दागिने वाटले गेलेले, खोलीचं डिपॉझिट परस्पर उचललेलं, रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं. मनीऑर्डर नाही, तुरुंगात भेटायला कुणी नाही. एक जण म्हणाली, "ताई, मला कुणाचं देणं नाही." मी आधी सुटकेचा श्वास टाकणार होते, मग कळलं की कुणी काही दिलंच नव्हतं, म्हणून देणं नव्हतं. तिच्यासाठी खातं नव्याने काढलं, तिला एका स्वयंपाकघरात काम मिळालं. पण वहिनींच्या डाव्या पानावर जेवढी माणसं होती, तेवढी तिच्या आयुष्यात जमवायला किती काळ जाईल? देण्यांची यादी असणं ही श्रीमंती आहे, हे मी तिच्यामुळे शिकले.

आणखी एक नाव मला या वह्यांमधून दिसत नाही, आणि ते बोलल्याशिवाय पुढे जाणं मला खोटं वाटतं. ज्याचं नुकसान झालं त्याचं. न्यायालयाने 1998 मध्येच मजुरीतला वाटा त्याच्यासाठी सांगितला आहे. पण घरच्या जमाखर्चात तो येत नाही. मी सुचवलेलं नाही. तो हक्क मला नाही. दादांनी एकदा आपणहून विषय काढला. त्या कुटुंबाला काही पाठवावं असं वाटतं, पण पाठवलं तर त्यांना ते पुन्हा दुखवल्यासारखं होईल का, असं विचारत होते. मी म्हटलं, परस्पर पाठवू नका, वकिलांना विचारा, त्यांच्यामार्फत त्या लोकांची इच्छा कळली तरच. वहीत त्यांनी एक पान कोरं सोडलं आहे. वर नाव नाही.

दादांचं जुनं टेम्पोचं कर्ज गेल्या वर्षी एकरकमी तडजोडीत मिटलं. अहवालात ते पूर्ण फेडलं असं न दिसता तडजोड झाली असं दिसतं, आणि पुढची काही वर्षं तसंच दिसेल. म्हणून नवा टेम्पो घ्यायचा झाला तर कर्ज वहिनींच्या नावावर निघेल. त्यांच्या गटाची परतफेड चोख आहे, पोळीभाजीचा धंदा आहे. दादा सहकर्जदार. दादांनी हे सांगताना आवाज खाली केला नाही, मला बरं वाटलं. टेम्पो आता भाड्याने फिरवायचा नाही, असं वहिनींचं म्हणणं. डबे पोचवायचे, कंपन्यांच्या कॅन्टीनची ऑर्डर घ्यायची. दादांचं म्हणणं, सकाळी डबे, दुपारनंतर फर्निचर. यावर अजून एकमत नाही.

डाव्या पानावरचं बरंचसं खोडून झालं आहे. वकिलांचे थोडे बाकी आहेत, बांगड्या सुटल्या. वहिनींचा भाऊ मात्र पैसे घ्यायला तयार नाही. बहिणीकडून पैसे कसले घ्यायचे, म्हणतो. वहिनी म्हणतात, तेव्हा दिले ते बहीण म्हणून दिलेस, आता मी परत करते ते माझ्या कमाईतून, आणि घ्यावेच लागतील. दर महिन्याला त्या त्याच्या खात्यावर थोडे पाठवतात, तो परत पाठवतो. परवा त्या माझ्याकडे आल्या होत्या, भाच्याच्या नावाने मुदतठेव करायला त्याच्या आईवडिलांची सही लागते का, हे विचारायला.